शरीफांचे पद ‘त्यांचे’ कसे?

सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आपण शाळा, पाट्या आणि कचेरीतील कागद यांवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण गाण्यावर कुणी बोलत नाही. बेळगाव-खानापूरकडचा मराठी माणूस कामानिमित्त हुबळीला येतो, गोकुळ रोडच्या बसस्थानकावर उतरतो. कुठे भजनी चालीवरचे शिशुनाळ शरीफांचे पद कानावर पडले, तर ‘ते त्यांचे’ म्हणून पुढे जातो. इथेच आपण चुकतो.

शरीफ (1819–1889) हे आजच्या हावेरी जिल्ह्यातील शिग्गाव तालुक्याचे. मुसलमान घरात जन्मले, काही काळ शाळामास्तर होते. गुरू केला तो कळसचे ब्राह्मण गोविंद भट्ट यांना. दोन्हीकडच्या कर्मठांना ते रुचले नाही. शरीफ मात्र गात राहिले. ना दरबाराचा आश्रय, ना मठाची गादी. स्वतः रचायचे आणि स्वतःच गायचे. आज त्यांच्या समाधीवर हिंदू आणि मुसलमान दोघेही माथा टेकतात.

त्यांची पदे धारवाडी बोलीतली, मराठी-उर्दू शब्द सहज सामावून घेणारी. गळके छप्पर, कोंबडी, माकड असे घरादारातले काहीही घ्यावे आणि त्यातून वेदान्त सांगावा, ही त्यांची रीत. कोंबडीने माकड गिळल्याचे त्यांचे कोडे ऐकताना नाथांची भारुडे आठवू नयेत काय? श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतमंडळात बसतात, मग शरीफ परके कसे?

एक गोष्ट कडू आहे, तरी सांगितली पाहिजे. शरीफांच्या तरुणपणी मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात शाळा-कचेरीत वजन होते ते मराठीचे. कन्नड शाळांसाठी डेप्युटी चन्नबसप्पांसारख्यांना झटावे लागले. आज आपण जे दुखणे सांगतो, तेच त्या काळी कन्नड माणूस सांगत होता. शरीफांनी लोकांच्या बोलीत गाणे रचले, ते अशा दिवसांत. मातृभाषेसाठी झगडणाऱ्या आपल्याला त्याचे मोल इतरांपेक्षा अधिक कळायला हवे.

आणि या मातीत गाण्याने सीमा मानली कधी? घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले. गदगचे भीमसेन जोशी यांनी संतवाणी गायली, तशी दासवाणीही. शरीफांवरील 1990 च्या कन्नड चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि सी. अश्वथ यांच्या संगीताने त्यांची पदे घरोघरी गेली. आपल्या घरी मात्र ती पोचली नाहीत.

यावर कुणी म्हणेल, आधी आमचे हक्क द्या, मग गाणी ऐकू. पण हक्क मागायचे ते सरकारकडे. शेजाऱ्याच्या गाण्याकडे पाठ फिरवून सरकारचे काय बिघडणार? मराठी शाळेची मागणी एक तसूभरही सोडू नका. मात्र यंदाच्या गणेशोत्सवात एखाद्या मंडळाने नाथांच्या भारुडाशेजारी शरीफांचे एक पद ठेवावे, आणि त्याचा अर्थ मराठीत सांगावा. कन्नड मंडळींनीही भारुडाला तशीच जागा द्यावी. सुरुवात कुणी करायची, एवढाच प्रश्न उरतो. ती आपण करावी.