मुंबईचे ताट आणि आपले शेत

शेतीच्या मासिकात मुंबईच्या खाणावळींचा विषय निघालेला पाहून काही वाचकांस नवल वाटेल. खते, बियाणे, कर्ज व बाजारभाव सोडून हा गृहस्थ उपाहारगृहांच्या गोष्टी का सांगत बसला, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न रास्तच आहे. माझे उत्तर इतकेच की, आपण जे पेरतो त्याचा शेवट कोणाच्या तरी ताटात होतो, आणि आपल्या प्रांतातील सर्वांत मोठे ताट मुंबईत आहे. ते ताट आपणांपैकी फार थोड्यांनी नीट पाहिले आहे. आडत्याच्या पट्टीवर जे लिहून येते, तेवढ्यावरून आपण त्याची कल्पना करितो.

महसूल खात्यात कारकुनी करून मी गतवर्षी निवृत्त झालो. चाकरीची पुष्कळ वर्षे पीकपाहणीचे कागद तपासण्यात गेली. ज्वारीच्या रकान्यातील आकडे दरसाल आखडत चालले आहेत व ऊस आणि सोयाबीन यांचे आकडे फुगत चालले आहेत, हे मी स्वतः बेरजा करून पाहिले. परंतु कारकुनास बेरीज जुळली म्हणजे झाले, त्यापलीकडे विचार करण्याचे कारण पडले नाही. गेल्या पौषात चिरंजीवांकडे मुंबईस वीस दिवस राहण्याचा योग आला. चिरंजीव व सूनबाई दोघेही नोकरीस जाणारी, सबब दुपारचे जेवण मी बाहेरच घेऊ लागलो. आणि रोज निराळ्या वस्तीत जाऊन, तेथील लोक जेथे जेवतात तेथेच बसावे, असा नेम केला.

पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट ध्यानात आली. मुंबईचे असे एक जेवण नाहीच. जो समाज ज्या वस्तीत राहिला, त्याने आपले शेत व आपला समुद्र ताटातून बरोबर आणला. माटुंग्यास दक्षिणेकडील मंडळी वसली, म्हणून तेथे १९४२ साली स्थापन झालेले रामा नायक यांचे उडुपी भोजनगृह आजही भात, सांबार व रस्सम वाढते, आणि जवळच्या बाजारात केळीची पाने, कोहळे, शेवग्याच्या शेंगा व कढीलिंब यांचे ढीग दिसतात. धोबीतलावास १९०४ सालचे कयानी हे इराणी दुकान आहे. तेथे पाव, मस्का व चहा. अशी इराणी दुकाने एके काळी नाक्यानाक्यावर होती, आता ती बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० साली निघाले व बटाटेवड्याकरिता प्रसिद्धीस आले. मालवणी खाणावळीत तांदळाची भाकरी, मासळी, ओले खोबरे आणि कोकमाची सोलकढी. लालबागेत उन्हाळ्यात बाया मसाल्याची मिरची घेण्यास येतात, तेव्हा नुसती मिरची मागत नाहीत. संकेश्वरी किती, बेडगी किती, असे गावाचे नाव घेऊन मागतात. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, त्याचा पुढे उपयोग आहे.

या सर्वांत गिरणगावच्या खाणावळींचे आपल्याशी नाते सर्वांत जवळचे. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली, आणि पुढे कोकणातून व घाटावरून हजारो माणसे कामास गेली. कुटुंब गावी, शेत गावी, आणि कामकरी एकटा दहाजणांच्या खोलीत. अशांस महिन्याच्या बोलीने जेऊ घालण्याचे काम त्यांच्याच मुलखातील बायांनी केले. पगार झाला म्हणजे पैसे, तोवर उधारी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अशाच खाणावळवाल्या बायांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले व त्यांस सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि या खाणावळींचे जेवणारेच पांगले.

मग मुंबईच्या गरिबाने काय खाल्ले? वडापाव. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर तो प्रथम विकला गेला असे सांगतात. त्याची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. ज्यास वेळ नाही व पैसा थोडा, त्याची भूक त्याने भागविली आहे. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याची फोड करून पाहा. पाव मैद्याचा. वाशीच्या बाजारातील बटाटा बहुतांशी परप्रांतातून येतो. आपल्या शिवारातून त्यात जाते ते मुख्यत्वे हरभऱ्याचे बेसन, आणि चटणीपुरती लसूण-मिरची. आपल्या प्रांताचे म्हणून ज्या खाद्याचे नाव सर्वत्र झाले, त्यात आपल्या कोरडवाहू शेताचा वाटा हा इतका अल्प. त्यात ज्वारी नाही, बाजरी नाही, नाचणीही नाही.

बाराव्या की तेराव्या दिवशी लालबागच्या एका गल्लीत चार बाकांची खाणावळ सापडली. चालविणारी बाई साठीच्या घरातील, मूळची सातारा जिल्ह्याची. संपानंतर सासूच्या हाताखाली या धंद्यात पडलेली. पिठले, ठेचा व ज्वारीची गरम भाकरी. पुष्कळ दिवसांनी पोट भरल्यासारखे वाटले. पैसे देताना, भाकरी रोज का करीत नाही, असे मी विचारले, कारण फलकावर तिचे नाव आठवड्यातून तीनच वार होते. बाई म्हणाल्या, "भाऊ, भाकरी खपत नाही असं नाही. पण ज्वारी एकसारखी मिळत नाही. एक पोतं पांढरंशुभ्र निघतं, दुसऱ्यात खडे नि काळे दाणे. पीठ जुनं झालं की विरी जातं, मग भाकरी थापतानाच चिरते. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मी काय करू?" मी ज्वारीच्या मुलखातला आहे असे सांगताच त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच पाठवा की!"

यावर मजजवळ उत्तर नव्हते. शेकडो गावांची पीकपाहणी ज्याच्या हाताखालून गेली, त्यास एका खाणावळीस पोतेभर चांगली ज्वारी कशी पोचवावी, हे सांगता आले नाही.

घरी येऊन हिशेब केला. तेथे एका भाकरीस तीस रुपये पडले. किलोभर पिठाच्या आठ-दहा भाकरी होतात; दहा धरल्यास तीनशे रुपये. त्याच आठवड्यात आमच्या गावी ज्वारीचा घाऊक भाव किलोस तीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे भाकरीच्या मोलात दाण्याचा वाटा दहावा. यात कोणी आपणांस लुबाडले असे मी म्हणत नाही. मुंबईचे भाडे, सरपण म्हणजे आताचा गॅस, आणि भाकरी थापणारा हात यांचे मोल त्यात आहे. चांगली भाकरी थापणारी बाई मिळणे दाणा मिळण्याहून कठीण. परंतु खाणारा तीस रुपये देण्यास राजी आहे, त्यास एकसारखा दाणा हवा आहे, आणि आपणांस ही वार्ताच नाही, हे मात्र खरे.

कोणी म्हणेल, ज्वारी परवडत नाही म्हणूनच सोडली. हे मला मान्य आहे. काढणीस माणूस मिळत नाही, पाखरे राखावी लागतात, एकरी उतारा बेताचा, आणि कडबा घेण्यास दारात पूर्वीइतकी गुरे नाहीत. ज्याने ऊस लावला त्यास मी दोष देत नाही. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. सभा झाल्या, भाषणे झाली, परंतु भाषणाने काढणीची मजुरी भागत नाही. भागली तर ती चार पैसे जास्त मिळण्यानेच भागेल, आणि ते जास्त पैसे मोंढ्यातील मिसळलेल्या ढिगास मिळत नाहीत. नावाने मागितल्या जाणाऱ्या मालास मिळतात. संकेश्वरी मिरचीस जे साधले, ते आपल्या मालदांडीस का साधू नये?

दुसरा अडथळा आपल्या मनात आहे, आणि त्याबद्दल प्रथम स्वतःस दोष देतो. चिरंजीवांच्या लग्नात आमच्या वडील बंधूंनी, एका वेळी पिठले-भाकरी करावी, असे सुचविले होते. मुंबईचे पाहुणे काय म्हणतील, या लाजेने मीच ते मोडून काढले. आज त्याच मुंबईचे लोक भाकरीसाठी रांगेत उभे राहतात. दादरच्या आस्वाद या उपाहारगृहाच्या मिसळीस २०१५ साली लंडनमध्ये उत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. मिसळ म्हणजे अखेर आपली मोडाची मटकीच. घरी पाहुणा आला की आपण भाकरी झाकून ठेवितो, आणि तालुक्याच्या गावी जाऊन मैद्याचा पाव खातो. आपणच जिला लाजतो, ती वस्तू दुसऱ्याने मोल देऊन घ्यावी, असे म्हणण्यास आपणांस तोंड नाही.

म्हणून संस्थेपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवितो. पहिली, जो सभासद मुंबईस जाईल त्याने देवदर्शनाबरोबर दोन-तीन वस्त्यांतील खाणावळींत जेवावे, कोणता दाणा, कोठून व कोणत्या भावाने घेता हे विचारावे, आणि ते संस्थेच्या वहीत लिहावे. दुसरी, येत्या रब्बीत वीस सभासदांनी एकाच जातीची ज्वारी करावी, ती चांगली वाळवून व निवडून संस्थेच्या गोदामात निराळी ठेवावी, आणि लहान पोत्यांतून दरमहा एकदोन खाणावळींस पाठवून वर्षभर अनुभव घ्यावा. पीठ न पाठविता दाणाच पाठवावा. दळण तेथेच ताजे होईल. फळे व भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आहे; धान्याचे नियम निराळे, ते बाजार समितीच्या कचेरीत विचारूनच पाऊल टाकावे. तिसरी, संस्थेच्या वार्षिक सभेचे जेवण भाकरीचे करावे. त्यास खर्चही थोडा येईल.

यात सर्वांचे दैन्य फिटेल असे मी म्हणत नाही. वीस शेतकरी व दोन खाणावळी हा फार लहान आरंभ आहे, आणि पहिल्या वर्षी कदाचित पदरचे चार पैसेही जातील. परंतु लालबागच्या त्या बाईंचा पत्ता मी लिहून आणला आहे. सभासदांपैकी कोणी पुढे आल्यास पहिले पोते मी स्वतः घेऊन जाईन.