मापात पाप नाही, तरी बूट चावतो

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असं आपण म्हणतो. स्कीचा ‘कस्टम’ बूट विकत घेणं हा त्याच जातीचा व्यवहार आहे. आल्प्समधल्या किंवा कोलोरॅडोतल्या एखाद्या स्कीच्या गावात चांगल्या दुकानात गेलं, की बूटफिटर गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतो, पाऊल मोजतो, कमानीचा ठसा घेऊन फूटबेड घडवतो, आतलं मऊ लायनर तापवून पायावर बसवतो. तास-दोन तास कुणीतरी आपल्या पायाशी बसून इतक्या निगुतीने काम करतंय, याचंच माणसाला अप्रूप वाटतं. सगळं मिळून बिल हजार डॉलरच्या पुढे गेलं तरी ते फारसं टोचत नाही. टोचतं ते तिसऱ्या दिवशी, डोंगरावर. चवडा बधिर होतो, अंगठ्याचं नख काळंनिळं पडतं आणि लिफ्टमध्ये बसल्याबसल्या बकलं सैल करण्याखेरीज दुसरं काही सुचत नाही. मग ‘फसवलं’ ही तक्रार. माझं म्हणणं असं, की यात फसवणूक असतेच असं नाही. पुष्कळदा माप अगदी बरोबर घेतलेलं असतं. खोट व्यवहाराच्या घडणीतच आहे. बर्फावर काही दिवस घालवल्यावर जे काम पुरं व्हायचं, त्याचे सगळे पैसे पहिल्याच बैठकीत मोजून घेतले जातात, आणि ‘कस्टम’ हा शब्द त्यावर पांघरूण घालतो.

कस्टम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिंपी येतो: माप घेतलं, कापड बेतलं, सदरा शिवला. स्कीच्या बुटाचं तसं नसतं. तयार सदरा घेऊन बाह्या आत घेतल्या तर जे होईल, ते इथे होतं. बाहेरचं टणक प्लास्टिकचं कवच कारखान्यातून साच्यात ओतून आलेलं असतं. अमेरिकेत बॉब लँग यांनी १९६० च्या दशकात चामड्याच्या जागी प्लास्टिक आणलं तेव्हापासून हे असंच चालू आहे. इटलीतल्या माँटेबेल्लुना गावाभोवती हा धंदा पिढ्यानपिढ्या एकवटलेला आहे. तिथले कारागीर कितीही हुशार असले, तरी एकेका साच्याला मोठा खर्च येतो, त्यामुळे साचे मोजकेच. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. दुकानात २६ आणि २६.५ असे दोन नंबर मांडलेले दिसतात खरे, पण बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत दोन्हींचं कवच एकच असतं. फरक असलाच तर आतल्या लायनरचा किंवा तळव्याखालच्या पट्टीचा. रुंदीचीही तीच गत. चवड्यापाशी साधारण ९८, १०० किंवा १०२ मिलिमीटर, यांतलं काहीतरी आपल्या वाट्याला येतं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायासाठी म्हणून खास घडतं ते फूटबेड आणि लायनर. पाय ज्या भिंतीवर आदळतो ती भिंत मात्र रेडीमेडच.

ही भिंत बाहेर ढकलता येते. कवच तापवून करंगळीच्या मुळापाशी किंवा घोट्याच्या हाडापाशी फुगवता येतं, आतून खरवडता येतं. पण ते आकसवता येत नाही. सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे, आणि नेमकी हीच गोष्ट दुकानात गालिच्यावर उभं असताना कळत नाही. योग्य मापाच्या बुटात सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकतात आणि नवशिक्याला वाटतं, बूट लहान आहे. गुडघे पुढे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर टेकवली की टाच मागे सरकते आणि बोटांना जागा मिळते; पण खुर्चीतून उठून नुसता ताठ उभा राहिलेला माणूस एक नंबर मोठा मागतो, आणि विकणाराही कशाला वाद घालेल? रुंद पायाच्या माणसाचं तर हटकून असं होतं. त्याला हवी असते रुंदी, पदरात पडते लांबी. अमेरिकेत किंवा स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आणि पस्तिशीत मुलांच्या मागोमाग स्की शिकायला निघालेल्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या पावलांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचे चवडे रुंद आढळले, तर पाश्चात्त्य पावलं तुलनेने अरुंद. चपलेत वाढलेला पाय या दोहोंच्या मध्ये कुठे बसतो, ते ज्याने-त्याने आपल्यापुरतं पाहावं.

मोठा बूट दुकानात सुखाचा वाटतो आणि बर्फावर छळतो, याचं कारण सोपं आहे. लायनरचा फेस वापराने दबतो, त्यामुळे आधीच सैल असलेला बूट काही दिवसांत आणखी सैल होतो. पाय आत हलू लागला की माणूस बकलं आवळतो. आवळलेलं बकल नेमकं पावलाच्या पाठीवर दाब देतं, जिथून बोटांकडे जाणारी धमनी आणि मज्जातंतू जातात. पाय बधिर होतो, गार पडतो, आणि माणूस म्हणतो बूट घट्ट आहे. घट्ट म्हणून तक्रार होणारे कितीतरी बूट खरं तर मोठे असतात, हे या धंद्यातला कुठलाही जुना माणूस सांगेल. त्यात दुकानात असतं उबदार हवामान; बाहेर गारठ्यात प्लास्टिक कडक होतं आणि मघाशी लवणारा बूट ताठून बसतो. किती ताठ, हे सांगणारा आकडा बुटावर छापलेला असतो, ९०, १०० किंवा १२०. पण त्या आकड्याला कंपन्या-कंपन्यांत सामाईक असं कुठलंच प्रमाण नाही, त्यामुळे एकाचा १०० दुसऱ्याच्या १०० शी जुळेल याचा भरवसा नाही. सर्वांत महागडा प्रकार म्हणजे फेस भरलेलं लायनर. गिऱ्हाईक बुटात उभं असतानाच दोन रसायनांचं मिश्रण लायनरमध्ये सोडतात आणि ते काही मिनिटांत पायाभोवती घट्ट होतं. ऐकायला हे परिपूर्ण वाटतं. पण त्या मिनिटांत टाच मागे नीट टेकलेली नसेल, तर ती चूकही तितक्याच हुबेहूब ओतली जाते.

दुकानदारांची बाजू आहे, आणि ती लंगडी नाही. ते म्हणतात, गिऱ्हाईक खोटं बोलतं. वर्षातून चार दिवस स्की करणारा स्वतःला तरबेज म्हणवतो, जाड लोकरी मोजे घालून येतो, ‘आरामदायक हवं’ म्हणतो आणि नंतर सैल झालं म्हणून भांडतो. सगळं मान्य. पण गिऱ्हाइकाचं हे अज्ञान फिटरला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. ते ओळखणं हेच त्याचं कसब, आणि त्याच कसबाचे पैसे तो घेतो. रोग्याने लक्षणं चुकीची सांगितली म्हणून वैद्य हात झटकू शकत नाही. दुसरा मुद्दा हमीचा. अनेक दुकानं फिटिंगची हमी देतात, पुन्हा या, फुकट दुरुस्त करू म्हणतात, आणि बहुतेक जण तो शब्द पाळतातही. अडचण नकाशाची आहे. दुकान डोंगराच्या पायथ्याशी, गिऱ्हाईक सुट्टी संपवून दोन हजार किलोमीटर दूर. शिवाय ही हमी सहसा त्याच बुटावर आणखी काम करण्याची असते, पैसे परत करण्याची नव्हे. खरवडलेलं, फुगवलेलं कवच दुसऱ्याला विकता येत नाही, हे दुकानदाराचं दुःख खरंच आहे. पण म्हणूनच माप मोठं निघालं तर ही हमी कागदावरच राहते, कारण मोठ्याचं लहान करण्याची युक्ती कुणाकडेच नाही.

‘स्कीचा बूट दुखायचाच, शर्यतवाले बघा’ असंही सुनावलं जातं. अवश्य बघावेत. शर्यतीचं कवच खूप अरुंद असतं, लायनर पातळ असतं, आणि त्या खेळाडूबरोबर त्याचा तंत्रज्ञही असतो, जो हंगामभर आज इथे, उद्या तिथे असं मिलिमीटर-मिलिमीटरने कवच खरवडत राहतो. शर्यतवाल्याचा बूट एका बैठकीत कधीच बसलेला नसतो. म्हणजे हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं. घट्टपणा आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: सगळीकडून सारखा, हस्तांदोलनासारखा दाब हवा, एका हाडावर ठणका नको.

मग घेणाऱ्याने काय करावं? लायनर काढून नुसत्या कवचात पाय घालायला सांगावं. बोटं पुढे टेकवल्यावर टाचेमागे साधारण दीड-दोन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे; फिटर टॉर्च घेऊन ती बघत नसेल तर तिथून उठावं, भट्टी आणि संगणक कितीही चकचकीत असोत. बूट सुट्टीच्या पहिल्या दिवशी घ्यावा, सेलच्या शेवटच्या दिवशी नव्हे, म्हणजे ठणका घेऊन परत जाता येईल. आणि दुकानदारांनी बुटाची किंमत व फिटिंगची मजुरी वेगळी करून मजुरीचा काही भाग पाच-सहा दिवसांच्या वापरानंतर घेतला, तर मला वाटतं निम्मी भांडणं मिटतील. ते करतील का, शंकाच आहे. तोवर वर्षातून एकदा गुलमर्गला किंवा आल्प्सला जाणाऱ्याने भाड्याच्या बुटाला नाक मुरडू नये. तो दबलेला असतो, थोडा वासही मारतो. पण सकाळभर बर्फावर चावला, तर दुपारी काउंटरवर ठेवून दुसरा मागता येतो.