दानशूर निजाम आणि गश्ती निशान तिरपन्न

मोठी फौज बाळगणे परवडत नाही, तेव्हा लहान राज्य विद्या, दानधर्म आणि सोयरिकीच्या जोरावर आपले वजन वाढवते. मराठवाड्याने हे राजकारण आतून पाहिले आहे. नांदेड-लातूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याचा सातवा निजाम मीर उस्मान अली या कलेत वाकबगार होता. १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. बनारस हिंदू विद्यापीठाला, पुण्याच्या भांडारकर संस्थेला देणग्या गेल्या. पदच्युत खलिफाला तनखा लागला आणि १९३१ मध्ये त्याची मुलगी निजामाची थोरली सून झाली.

हा लौकिक दूरवर पसरत असताना घरात मात्र 'गश्ती निशान तिरपन्न' हे सरकारी परिपत्रक लागू होते. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा! मराठी मुलांना माध्यमिक शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तर स्थापनेआधीच बंदी आली. सनदशीर बोलणाऱ्यांची तोंडे बंद झाली आणि लातुरात वकिली करणारा कासिम रझवी निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा म्होरक्या होऊन बसला.

ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे दाद मागितली. त्याच महिन्यात रझाकारांवर टीका करणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. १६ सप्टेंबरला परिषदेत विषय निघाला आणि १७ तारखेला संस्थान भारतीय फौजेला शरण आले. वर्षानुवर्षे जोडलेला लौकिक ऐन वेळी कामी आला नाही.

निजाम पुढे राजप्रमुख झाला. किंमत मोजली ती रयतेने: आधी रझाकारांच्या अत्याचारांत, मग भारताच्या या लष्करी 'पोलीस कारवाई'च्या काळात व नंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसाचारात. या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून नोंदवलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड, उस्मानाबाद आणि बीदर होते. आजचा लातूर जिल्हा यांतल्याच शेवटच्या दोहोंत विभागलेला होता.

लौकिकावर वजन वाढवणारे लहान राज्य आज आपल्या शेजारीही आहे: भूतान. भूतान म्हणजे हैदराबाद नव्हे. तरीही 'सकल राष्ट्रीय आनंदा'ची कल्पना जगापुढे मांडणाऱ्या, २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडून २० मार्च हा आनंद दिन मंजूर करून घेणाऱ्या या देशातून १९९० च्या सुमारास लाखभर नेपाळीभाषकांना बाहेर पडावे लागले, हे विसरता येत नाही.

म्हणून शेजारी देशाचा लौकिक तोलताना त्याच्या देणग्यांइतकेच त्याचे बंदीहुकूमही वाचावेत. प्रजेला बोलू न देणाऱ्या राज्याच्या बाजूने, वेळ आली की, प्रजाही बोलत नाही. आणि त्यानंतरचे हिशेब राजवाड्यात नव्हे, गावागावांत चुकते होतात.