झाडावरच रंगीत कापूस पिकतो, मग आपण कापड का रंगवतोय?

अकलोलीची गरम पाण्याची कुंडं बघून भिवंडीकडे वळलात की यंत्रमागांची खडखड ऐकू येते. मागावरून उतरणारं बरंचसं कापड कोरं असतं, धंद्यातल्या भाषेत 'ग्रे'. रंग चढतो तो पुढे प्रोसेस हाऊसमध्ये. त्यासाठी भरपूर पाणी आणि रसायनं लागतात. सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही, तर ते थेट नदी-नाल्यात जातं.

मग बोंडातूनच रंगीत कापूस आला तर?

असा कापूस खरंच असतो?

हो. आंध्रातला तांबूस 'कोकोनाडा' कापूस एकेकाळी परदेशी जायचा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे 'वैदेही-९५' हे तपकिरी वाण आहे. पण नैसर्गिक रंग मुख्यतः दोनच, तपकिरी आणि हिरवा. तपकिरी रंग येतो टॅनिनच्या जातीच्या द्रव्यांमुळे.

मग जनुकबदल कशासाठी?

इतर रंगांसाठी. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीवर वाढलेली एकच लांब पेशी. ती जिवंत असतानाच तिच्यात रंग तयार व्हायला हवा. त्यासाठी रंगाची जनुकं नेमकी तिथे चालू करावी लागतात. ऑस्ट्रेलियाच्या 'सीएसआयआरओ' संस्थेने २०२० मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या कापसाच्या पेशींत पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत रंग दिसल्याचं सांगितलं. पण प्रयोगशाळेतला रंग म्हणजे शेतातलं बोंड नव्हे.

अडतंय कुठे?

आजच्या रंगीत कापसाचा धागा सहसा आखूड आणि कमजोर असतो, उत्पादनही कमी. शेजारच्या पांढऱ्या कापसात तो मिसळला, तर त्याचाही भाव पडतो. शिवाय जीएम वाणाला सरकारी मंजुरी लागते. भारतात शेतकऱ्यांच्या शेतात मोठ्या प्रमाणावर पोचलेलं मंजूर जीएम पीक आजवर एकच, २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस.

खरा प्रश्न बाजाराचा

कोऱ्या कापडाची सोय ही, की ऑर्डर येईल तो रंग देता येतो. झाडाचा रंग मात्र पेरतानाच ठरतो. वेचणीपर्यंत फॅशन बदलली तर? प्रोसेस हाऊस रंग बदलेल, शेतकरी काय बदलणार?

म्हणून रंगीत बियाण्याची बातमी वाचाल तेव्हा एक गोष्ट आधी शोधा: हा कापूस विकत घेण्याची हमी कोणी दिलीय? ती नसेल, तर नदी वाचवण्याचा सगळा धोका एकट्या शेतकऱ्याच्या माथी येईल.