मृत्यूचे कारण देवाच्या नावावर

बोर्डिंगात शिकलेल्या माणसांच्या मेळाव्यात एक क्षण ठरलेला असतो. हयात गुरुजनांचा सत्कार होतो, आणि मग जो सोबती शिकत असतानाच गेला त्याच्यासाठी सगळे दोन मिनिटे उभे राहतात. स्मरणिकेत त्याच्यावर एक पान असते. त्या पानावरचा मुलगा नेहमी हसतमुख असतो, हुशार असतो, प्रार्थनेला कधी चुकत नाही, आणि अखेरीस तो देवाला आवडलेला असतो. अशी पाने मी आजवर पुष्कळ वाचली. मुलगा कशाने गेला, हे त्यांत क्वचितच आढळले. या मौनाला माझा विरोध आहे, आणि तो मी धर्मगुरू या नात्यानेच नोंदवीत आहे.

ताजे निमित्त वळसंगचे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील, अक्कलकोटच्या वाटेवरचे, मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर नांदणारे हे गाव. येथील एक मुलगा आमच्याबरोबर बोर्डिंगात होता. १९८४ च्या पावसाळ्यात, नववीत असताना, तो विषमज्वराने वारला. यंदा त्याचे सोबती त्याच्या गावी जमले. शिला बसवावी, स्मरणिका काढावी असे ठरले. एकाने लेख लिहून आणला. त्यात एक साधे वाक्य होते : ताप अकरा दिवस अंगात होता, डॉक्टर बाराव्या दिवशी आले, घरी निरोप गेला तो त्याच्याही नंतर. नेमके तेवढेच वाक्य गाळण्यात आले. कारणे तीन सांगितली गेली : कटू आठवणी नकोत, ज्या घराने भाकरी दिली त्याच्यावर बोट ठेवणे कृतघ्नपणाचे, आणि जे झाले ती देवाची इच्छा.

पहिल्या कारणाला उत्तर देण्याची गरज नाही. कटू आठवण नको असेल तर मेलेल्याचे स्मरणच कशाला करावे?

दुसरे कारण वजनदार आहे. बोर्डिंगचे उपकार मीही जाणतो. १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले नसते, तर कित्येक मुलांना शाळेचा उंबरठाही दिसला नसता. साताऱ्यात कर्मवीरांच्या बोर्डिंगातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र मोडले. आमच्या मिशनच्या बोर्डिंगांनीही दुष्काळी भागातील मुलांना भाकरीबरोबर अक्षर दिले. परंतु उपकार मोठा, म्हणूनच जबाबदारीही मोठी. घरी मुलाचे अंग तापले की रात्री आईचा हात कपाळावर जातो. बोर्डिंगात साठ कपाळे असतात आणि हात एकच. बाप आपले मूल सोपवून एस.टी.त बसतो, तेव्हा तो त्या एका हातावर विसंबलेला असतो. तो हात का पोहोचला नाही, एवढे विचारण्यात कसली कृतघ्नता?

आणि विषमज्वर म्हणजे काही आकाशातून पडणारी वीज नव्हे. तो दूषित पाण्यातून व अन्नातून येतो. पहिल्या आठवड्यात ताप पायरी पायरीने चढतो. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका सहसा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास असतो. म्हणजे हा रोग माणसांना सावध होण्यासाठी दिवस देतो. त्यावरील क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध १९४८ पासून वापरात होते. १९८४ साली ते दुर्मीळ नव्हते. दुर्मीळ होते ते कोणाचे तरी लक्ष.

आता तिसरे कारण, आणि माझा खरा राग त्यावर आहे. ज्ञानग्रंथाच्या चौथ्या अध्यायात अकाली मेलेल्या नीतिमानाविषयी सांत्वनाचे शब्द आहेत : आयुष्याची पूर्णता वर्षांच्या संख्येवर मोजता येत नाही, असा त्यांचा आशय. अंत्यविधीत मी तो उतारा वाचतो आणि मनापासून वाचतो. तो शोकाकुल आईसाठी आहे. न उकळलेल्या पाण्याच्या पिंपासाठी नाही, अकरा दिवसांच्या दिरंगाईसाठी तर मुळीच नाही. माणसाची हयगय देवाच्या इच्छेत घालून शुद्ध करून घेणे ही भक्ती म्हणायची काय? माझ्या मते ती देवाची निंदा आहे. लाजरसाच्या कबरीपाशी प्रभू रडला. तो मृत्यू आपल्याला आवडला, असे तो म्हणाला नाही.

यावर कोणी म्हणेल, फादर, संतांची चरित्रेही अशीच गोड लिहिली जातात. सगळी तशी नाहीत. वाचकहो, दोमिनिक सॅव्हिओचे उदाहरण पाहा. तूरिन येथील डॉन बॉस्कोच्या बोर्डिंगातला हा विद्यार्थी ९ मार्च १८५७ रोजी, पंधरा वर्षे पुरी होण्याआधी, घरी वारला. दोन वर्षांच्या आत, १८५९ साली, डॉन बॉस्कोने त्याचे चरित्र छापले ते त्याच्या सोबत्यांच्या साक्षी जमवून. पोहण्याच्या एका प्रसंगाविषयी एका सोबत्याने हरकत घेतली : असे घडले नाही, दोमिनिक आमच्याबरोबर पाण्यात उतरला होता. पुढच्या आवृत्तीत तो मजकूर बदलला गेला. आजारपणही झाकलेले नाही. वैद्याने चार दिवसांत दहा वेळा त्याचे रक्त काढले, हे चरित्रात स्पष्ट लिहिलेले आहे. त्या काळच्या वैद्यकाला ते उपचार वाटत; आज वाचताना अंगावर काटा येतो. तरीही १९५४ साली तो संत म्हणून घोषित झालाच. खऱ्या तपशिलाने त्याच्या पावित्र्याला धक्का लागला नाही. मग वळसंगच्या मुलाची आठवण एका वाक्याने कशी बाटेल?

शिवाय हा केवळ जुना हिशेब नाही. महाराष्ट्रातील आश्रमशाळांत आदिवासी मुले मरत राहिली. त्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली, आणि अनेक मृत्यूंचे नेमके कारणच सापडत नाही असे आढळले. कारण लिहून ठेवण्याची सवय नसली की पुढचे मूलही त्याच वाटेने जाते. आमच्या स्मरणिकेतले गाळलेले वाक्य आणि सरकारी वहीतला मोकळा रकाना यांत मला तरी फरक दिसत नाही.

वळसंगला तर हे शिकवावे लागू नये. येथील दलित वस्तीच्या विहिरीवर १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते, ते साल गाव आजही अभिमानाने सांगते. पाणी कोणाला मिळाले, कोणाला नाकारले, हे ज्या गावाने लक्षात ठेवले, त्या गावच्या मुलाला कोणते पाणी पाजले गेले, याची नोंद नको?

माझी सोबत्यांना विनंती अशी. गाळलेले वाक्य परत घ्या. ज्यांना जे आठवते ते त्यांनी सहीनिशी लिहावे : तो कोणत्या खाटेवर होता, पेज कोणी भरवली, डॉक्टरांना बोलवा असे कोणी आणि केव्हा म्हटले, त्यावर काय उत्तर मिळाले. आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही छापाव्यात. त्या लेखाची एक प्रत बोर्डिंगच्या आजच्या अधीक्षकांना द्यावी, दोषारोप म्हणून नव्हे, कामाचा कागद म्हणून. जमलेल्या वर्गणीतून कमान उभारण्याचा बेत ऐकतो. कमानीऐवजी पाण्याची टाकी दुरुस्त करावी आणि मुलांना विषमज्वराची लस टोचून घ्यावी. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली हजारो मुलांना ती टोचली. साठ मुलांच्या बोर्डिंगाला ते अशक्य नाही. दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही तर डॉक्टर आणि घरी फोन, हा नियम भिंतीवर लावावा.

शिला बसवायचीच असेल तर जरूर बसवा. मात्र तिच्यावर जन्म आणि मृत्यू यांच्याबरोबर आणखी दोन तारखा कोराव्यात : ताप चढला ती, आणि डॉक्टर आले ती.