'नटसम्राट' आणि इंदिरानगरचं घर

बाबा गेल्या वर्षी अंबडच्या एका कारखान्यातून रिटायर झाले. तेव्हापासून त्यांचं एकच टुमणं, "घर तुझ्या नावावर करून टाकतो, नंतर कटकट नको." खरं सांगू? मला आतून बरंच वाटलं होतं. मग मागच्या रविवारी सावानातून आणलेलं 'नटसम्राट' पुन्हा वाचलं.

कुसुमाग्रज आमच्या नाशिकचे, त्यामुळे गणपतराव बेलवलकर घरचेच. १९७० साली डॉ. लागूंनी ते रंगमंचावर उभे केले. तेव्हापासून लोक डोळे पुसत बाहेर पडतात नि म्हणतात, काय ही हल्लीची मुलं! मला हे पटत नाही. मुलगा-मुलगी राक्षस नाहीयेत हो. तुमच्याआमच्यासारखी, चार लोकांत इभ्रत जपणारी माणसं आहेत. निवृत्त झाल्यावर बेलवलकर होतं नव्हतं ते दोघांत वाटून टाकतात आणि त्या दिवसापासून कर्त्याचे पाहुणे होतात. त्यांचं मोठ्याने बोलणं मुलांच्या दिवाणखान्यात मावत नाही. लेकीच्या घरी तर चोरीचा आळ येतो. शेवटी आसरा देतो तो बूटपॉलिशवाला राजा, ज्याला वारशात काहीच मिळणार नसतं!

लिअरने राज्य वाटलं, आपल्याकडे फंड आणि फ्लॅट वाटतात, एवढाच फरक.

आता कोणी म्हणेल, हल्ली कायदा आहे. आहे ना. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलांनी सांभाळलं नाही तर परत मिळवता येते. पण त्यासाठी बापाने पोटच्या पोराविरुद्ध न्यायाधिकरणाची पायरी चढायची. बेलवलकर चढले असते? माझे बाबा तर रिक्षावाल्याकडे सुट्टे पैसेही मागत नाहीत.

आणि ताई? तिला कोणी विचारलंच नाही. बाबांनी मृत्युपत्र न करता डोळे मिटले तर कायद्याने आई, ताई आणि मी सारखेच वारस. "नंतरची कटकट" म्हणजे ताईचा हिस्सा, हे कळायला मला नाटक वाचावं लागलं.

काल बाबांना म्हटलं, "घर तुमच्याच नावावर राहू द्या. मृत्युपत्र करा, आधी आईचा हक्क, मग आम्हा दोघांना समान."

बाबा म्हणाले, "तुझा विश्वास नाही का स्वतःवर?"

उत्तर सुचलं नाही. असो. पण घर अजून त्यांच्याच नावावर आहे, आणि टीव्हीचा आवाजही ते हवा तेवढा मोठा ठेवतात.