अतिक्रमण कोणाचे?

चंदीगडचे रॉक गार्डन पाहून येणारा प्रत्येक जण तेथील अद्भुत रचनेचे वर्णन करतो. ठेंगणी दारे, अरुंद वाटा, धबधबे, आणि फुटक्या बांगड्या व चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेल्या, रांगांनी उभ्या असलेल्या मूर्ती! हे कौतुक रास्तच आहे. परंतु या उद्यानापासून घ्यावयाचा धडा कलेपुरता मर्यादित नाही.

ल कार्बुझिए यांनी आखलेल्या या राजधानीसाठी जुनी गावे उठविण्यात आली. त्या गावांचा राडारोडा आणि शहराने टाकून दिलेला माल गोळा केला तो फाळणीत स्वतःचे गाव गमावून आलेल्या नेकचंद सैनी यांनी. सार्वजनिक बांधकाम खात्यातील या रस्ते-निरीक्षकाने १९५७ च्या सुमारास, कामाचे तास संपल्यावर, राखीव जंगलात गुपचूप रचना आरंभिली. कायद्याच्या भाषेत ते निखळ अतिक्रमण होते. ते उघडकीस आले तेव्हा पाडून टाकण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. तथापि लोकमत नेकचंदांच्या पाठीशी उभे राहिले, १९७६ मध्ये उद्यान जनतेला खुले झाले आणि १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे कायदा लवचीक होऊ शकतो. मग तो सर्वांसाठी तसा का होत नाही? याच शहरात १ मे २०२२ रोजी, ऐन कामगार दिनी, ‘कॉलनी नंबर चार’ ही श्रमिकांची वस्ती जमीनदोस्त करण्यात आली. टाकाऊ सामानातून निवारा उभारणाऱ्यांचे कौशल्य कोणाला कला वाटले नाही.

नेकचंद २०१५ साली निवर्तले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयालगतचा रस्ता रुंद करण्यासाठी व मोटारींच्या सोयीसाठी त्यांच्या उद्यानाच्या भिंतीचा काही भाग प्रशासनाने पाडला. न्यायालयात येणाऱ्यांची गैरसोय खोटी नाही. परंतु गरीब पक्षकार मोटारीने येत नाही, त्याला पुरेशा बसगाड्या हव्या असतात. नागरिकांनी निषेध केला, पण तोवर भिंत गेली होती.

तात्पर्य असे की, अतिक्रमण या शब्दाचा अर्थ जमिनीच्या नकाशावर ठरत नाही. बुलडोझर कोणाच्या हाती आहे यावर ठरतो. पद्मश्रीने भिंत वाचली नाही. १९७६ मध्ये उद्यान वाचले ते जागृत लोकमतामुळे. तेच लोकमत श्रमिकांच्या वस्त्यांमागे संघटितपणे उभे करणे, हे आपले काम आहे.